घंटीवरचं बोट

एक घर डोळ्यांसमोर आणा. घाई नको, नीट आणा. चारी बाजूंनी उंच मातीची भिंत, रस्त्याकडे एकच लाकडी दार आणि दारावर घंटी. पाहुणा येतो, घंटी दाबतो. घरातली माणसं पार मागच्या अंगणात, चुलीपाशी. त्यांना पाहुणा दिसत नाही, घंटीही ऐकू जात नाही. पण दाराच्या आतल्या बाजूला एक निरोप्या बसलेला असतो. घंटी हलली की तो उठतो, पळत मागे जातो, पाहुणे आल्याचं सांगतो, आणि चहाचं पाणी चढतं. पाहुणा मात्र बाहेरच उभा. थोड्या वेळानं निरोप्या आपोआप परत येतो आणि दाराशी बसून पुढच्या घंटीची वाट बघतो.

आता हे घर लहान करा. इतकं लहान, की सुईच्या टोकावर अशी डझनभर घरं मावतील. तुमचं सगळं अंग असल्याच घरांचं बनलेलं आहे. घराला पेशी म्हणतात, घंटीला ग्राही, आणि आत बसलेल्या त्या धावऱ्या निरोप्याला जी प्रथिन. डोळ्याला उजेड कळतो, नाकाला पलोवचा, आमच्या मांस घातलेल्या भाताचा, वास कळतो, कुत्रा अंगावर आला की छाती धडधडते, ते या घंट्या आणि हे निरोपे यांच्यामुळे. निरोप्या मध्येच अडकला तरी घात होतो. पटकीचं विष नेमकं तेच करतं: आतड्यातल्या निरोप्याला दाराशी परत येऊच देत नाही, तो ओरडतच राहतो, आणि अंगातलं पाणी वाहून जातं.

चित्र पक्कं बसलं? मग मी तुम्हाला हुलकारची गोष्ट सांगतो. ती उझबेकिस्तानातल्या आमच्या चुस्त गावचीच, माझ्या गल्लीतली, आणि सहावीत मी तिला शिकवत होतो. गोष्ट हेव्याची आहे. ज्याला कधीच कुणाचा हेवा वाटला नाही, त्यानं ही गोष्ट नाही वाचली तरी चालेल. मला अजून तसा कुणी भेटलेला नाही.

हुलकारची बहीण सर्विनोझ तिच्याहून आठ वर्षांनी मोठी; हुलकार तिला ओपा म्हणायची, म्हणजे ताई. नोव्हेंबरच्या अखेरीस तिचं लग्न ठरलं होतं. त्या उन्हाळ्यापासून सर्विनोझ बदलत चालली. बारीक झाली. गालांवर गुलाबी झाक आली, डोळे मोठे आणि चकचकीत दिसायला लागले. तिला एका जागी बसवत नसे. सूर्य उगवायच्या आत अंगण झाडून व्हायचं, कणीक मळून व्हायची, कुणी मागायच्या आधी चहा समोर यायचा. पलोवच्या दोन थाळ्या संपवायची आणि तरी कंबर मुठीत मावेल अशी. थंडी पडली तेव्हा हुलकार दोन स्वेटर घालून कुडकुडत होती, आणि सर्विनोझ बिनबाह्यांच्या रेशमी झग्यात हात वाऱ्याला लावून फिरत होती.

शेजारच्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, अशी सून मिळायला नशीब लागतं. मग ओयीचा, म्हणजे आईचा, चेहरा फुलायचा. आणि फुललेला चेहरा तसाच हुलकारकडे वळला की कोमेजायचा. बहिणीकडून काही शीक म्हणायची, पोत्यासारखी बसलेली असतेस नुसती.

हुलकार खरंच बसायची. गोल चेहऱ्याची, सावकाश बोलणारी मुलगी. एका जागी दोन तास मांडी न मोडता बसू शकणारी मुलं मी तीस वर्षांत तीन-चारच पाहिली, त्यातली ती एक. पण बसण्याचं कौतुक कोण करतो?

चुस्तमध्ये मुलीची किंमत टोपीवरून करतात. काळं कापड, त्यावर पांढऱ्या रेशमाच्या चार मिरच्या, खाली काठाला सोळा कमानी. कापडाच्या दोन थरांमध्ये कागदाच्या बारीक वळ्या सरकवतात, मग टोपी डोक्यावर ताठ उभी राहते. नवऱ्याची टोपी नवरीनं स्वतःच्या हातानं शिवायची. आणि नवऱ्याकडच्या बायका ती पाहायला आल्या की आधी उलटी करतात. सुलट बाजू कुणालाही जमते. उलटी बाजू सुईवाल्या हाताची खरी परीक्षा घेते.

सर्विनोझचा हात पूर्वी चांगला होता. ऑक्टोबरात तिचे टाके वाकडे जायला लागले. एका दुपारी तिनं हुलकारला कोठीच्या खोलीत बोलावलं. तिथे बिहीची फळं, पिवळ्या सफरचंदांसारखी, गवतावर मांडून ठेवलेली होती. दार लावून ती म्हणाली, फक्त ही एक मिरची काढून दे. मग दुसरी काढून दे म्हणाली. मग सोळा कमानी. शेवटी कापडावर सर्विनोझचा म्हणावा असा एकही टाका उरला नाही.

“कुणाला सांगितलंस तर बघ,” सर्विनोझनं बजावलं. “हात कापतो म्हणून कळलं तर म्हणतील नवरी आजारी आहे. लग्न मोडेल. आणि ते तुझ्यामुळे मोडेल, हुल्का.”

हुलकारनं शपथ घेतली आणि महिनाभर त्या खोलीत बसून टोपी शिवली.

टोपी पुरी झाली त्या दिवशी शेजारची सलोमत खोला, म्हणजे सलोमत मावशी, आली. तिनं टोपी हातात घेतली, फिरवली, उलटी केली, आणि सर्विनोझच्या बोटांचा मुका घेतला. या बोटांत जादू आहे म्हणाली. हुलकार तेव्हा चहा ओतत होती. आमच्याकडे पाहुण्याला वाटीभर चहा कधी देत नाहीत. थोडा ओततात, पुन्हा विचारतात, पुन्हा ओततात. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे ‘आता निघा’. हुलकारनं सलोमत खोलाची वाटी काठोकाठ भरली. वरून थोडी ओसंडलीही. ओयीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ राहिला.

मान सुजलेली बुवीच्या लक्षात आली होती. बुवी म्हणजे आजी. सर्विनोझच्या हाराखाली गळ्याचा भाग जरा भरल्यासारखा दिसत होता. आमच्या खोऱ्यात लहान पोरालाही माहीत आहे: इथल्या पाण्यात आयोडीन कमी, म्हणून मान सुजते. मीच शिकवलं आहे ते, वर्षानुवर्षं, फळ्यावर मान काढून. बुवीनं रोज सकाळी कोमट दुधात आयोडीनचे थेंब टाकून सर्विनोझला द्यायला सुरुवात केली. हुलकारला त्या दुधाचाही हेवा वाटला. तिनं मागितलं, तर बुवी हसून म्हणाली, तुझी मान आधीच भरलेली आहे, अजून किती भरायची?

त्याच आठवड्यात मी सहावीला गृहपाठ दिला. घरातल्या प्रत्येकाला दहा मिनिटं स्वस्थ बसवायचं, मनगटाची नाडी एक मिनिट मोजायची, वहीत लिहायची.

हुलकारनं मोजली. बुवी सत्तर. ओयी शहात्तर. ती स्वतः चौऱ्यांशी. सर्विनोझ बसायला तयार नव्हती, पण दुपारी कधी नव्हे ती गादीवर आडवी होऊन झोपली, तेव्हा हुलकारनं तिचं मनगट धरलं. एकशे बत्तीस. तिला वाटलं चुकलं. पुन्हा मोजली. एकशे बत्तीसच.

 तिच्या मनात आलं ते असं: यातही तीच पहिली. झोपेतसुद्धा.

मग तिनं सर्विनोझच्या नावापुढे चौऱ्यांशी लिहिलं, आणि स्वतःच्या नावापुढे एकशे बत्तीस.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना मी त्या आकड्यावर थांबलो. तिला जवळ बोलावून मनगट हातात घेतलं. नाडी शांत चालली होती.

“हुलकार, हा आकडा कुणाचा?”

“माझा, दोमला.” आमच्याकडे मुलं मास्तरांना दोमला म्हणतात.

“पळून आल्यावर मोजलास का?”

“नाही. झोपेत मोजला.”

“झोपेत स्वतःची नाडी मोजलीस? मला कधी जमलं नाही ते.”

वर्ग हसला. हुलकारचा चेहरा लाल झाला, पण ती रडली नाही. मी मुलांना मधल्या सुट्टीसाठी पाच मिनिटं आधी सोडलं आणि तिला बाकावर बसायला सांगितलं. स्वतः खिडकीपाशी उभा राहिलो. अशा वेळी मुलांकडे टक लावून बघू नये, बोलणं आटतं.

बोलायला लागली ती आजाराबद्दल नव्हे. तक्रारच होती सगळी. सर्विनोझचंच सगळं जास्त असतं. तीच बारीक, तीच चपळ. ती दोन थाळ्या खाते तरी कुणी बोलत नाही, मी दुसरी मागितली की सगळे हसतात. तिला थंडी वाजत नाही म्हणून तिचे झगे दिसतात, माझे स्वेटर दिसतात. तिचे डोळे मोठे झाले, माझे होत नाहीत. तिलाच दूध मिळतं आयोडीन घालून. आणि टोपी मी शिवली तरी मुके तिच्याच बोटांचे, ज्या बोटांना सुईसुद्धा...

तिथे तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

मी वळलो. गेली पाच मिनिटं मी बहिणीवर जळणाऱ्या मुलीची कुरकुर ऐकत होतो, आणि ती डॉक्टरांच्या कागदावरच्या नोंदीसारखी एकाखाली एक लागत गेली होती. त्या घरात दोन बायका सर्विनोझवर जीव टाकत होत्या, रोज तिच्याकडे बघत होत्या. दिसलं मात्र या एकटीला, कारण ही प्रत्येक गोष्ट मोजत होती.

मी तिला त्या घराचं चित्र सांगितलं, जे मघाशी तुम्हाला सांगितलं. पुढे म्हणालो, गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी आहे. अंगातल्या चुलीची आच ती ठरवते. तिच्या पेशींच्या दारावर घंटी असते. मेंदूखालच्या एका ग्रंथीकडून पाहुणा येतो, गरजेपुरती घंटी दाबतो आणि बोट काढून घेतो. पण कधीकधी अंगातले पहारेकरी चुकतात. त्यांचं काम रोगजंतूंशी लढायचं. ते भलतीच एक वस्तू तयार करतात, जी त्या घंटीवर नेमकी बसते. खोटं बोट म्हण. ते चिकटतं आणि निघत नाही. निरोप्या धावतो, परत येतो, पुन्हा धावतो. आत शंभर पाहुण्यांचा चहा उकळतो आणि दारात एकही पाहुणा नसतो. मग सगळ्या अंगालाच घाई होते. छाती पळते, हात कापतात, खाल्लेलं जळून जातं, थंडी वाजत नाही.

हुलकार ऐकत होती. मग तिनं विचारलं, “म्हणजे ती चपळ नाहीये?”

“नाही.”

“आणि बारीकसुद्धा नाहीये?”

“ती आजारी आहे, हुलकार.”

त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लपवणार नाही. आनंद आला. अगदी थोडा वेळ. मग तिनं मान खाली घातली आणि बाकाच्या कडेवर नखानं रेघ ओढत बसली.

मग तिनं आयोडीनचं विचारलं. मला खुर्चीत बसावं लागलं. आयोडीन म्हणजे या ग्रंथीचं सरपण. सरपण कमी पडून मान सुजली असेल तर ते औषध. पण चूल आधीच भडकलेली असेल तर त्यात आणखी सरपण घालणं झालं. मान सुजण्याचं एकच कारण मी साऱ्या गावाला शिकवलं होतं. दुसरंही असतं, हे सांगायला कधी वेळ काढला नव्हता. ते मी तिला तसंच सांगितलं.

औषधं आहेत, असंही सांगितलं. एक चुलीची आच कमी करतं. दुसरं हृदयाच्या दारावरच्या घंट्यांवर जाऊन नुसतं बसून राहतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्या दाबता येत नाहीत, आणि छाती जरा विसावते. पण आधी नमंगानला, शहरातल्या मोठ्या इस्पितळात, जाऊन रक्त तपासायला हवं, आणि तेही लग्नाच्या आधी. इतके महिने पळालेलं हृदय, त्यात लग्नाची दगदग आणि जागरणं. ठेका चुकला तर जिवावर बेतू शकतं.

लग्नाला नऊ दिवस उरले होते.

मी माझी टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणालो, चल, आत्ताच तुझ्या ओयीशी बोलतो. ती म्हणाली, तुम्ही बोललात तरी चुगली मीच केली असं होणार. मी विचारलं, आणि नाही बोललो तर? तिनं दप्तर उचललं आणि माझ्या पुढे चालायला लागली.

दारात पोचलो तर बाहेर बायकांच्या चपला-बुटांची रांग. नवऱ्याकडची मंडळी नवरीचं सामान बघायला एक दिवस आधीच आली होती. बायकांच्या बैठकीत मला जाता येईना. अंगणात बिहीच्या झाडाखाली थांबलो आणि हुलकारला म्हणालो, ओयीला जरा बाहेर बोलाव. बैठकीचं दार उघडंच होतं. मला आतला गालिचा दिसत होता, मधोमध पसरलेलं जेवणाचं कापड, म्हणजे दस्तरखान, त्यावर नोन रोट्यांच्या चवडी, डाळिंबं. हुलकार ओयीच्या कानाशी वाकली. ओयीनं तिच्याकडे न बघता चहाची किटली तिच्या हातात दिली.

नवऱ्याची आत्या मध्यावर बसली होती. सुईच्या कामात तिचं नाव तीन मोहल्ल्यांत घेतात. तिनं टोपी उलटी करून उजेडाकडे धरली होती.

“अशी उलटी बाजू मी किती वर्षांत पाहिली नाही,” ती म्हणाली. “सर्विनोझ, पोरी, हा कोपऱ्यातला टाका कसा घेतेस? ये, दाखव जरा. आम्हा म्हाताऱ्यांनाही शिकू दे.”

कुणीतरी सुई आणि काळ्या कापडाचा तुकडा पुढे केला. सर्विनोझ हसली. सुईत दोरा ओवायला गेली, जमलं नाही. पुन्हा गेली. बुवी म्हणाली, लाजतेय. बायका हसल्या. एकीनं थट्टा केली, सासरच्यांसमोर सगळ्यांच्याच सुया आंधळ्या होतात. तिसऱ्या खेपेला सुई गालिच्यावर पडली.

“लाजतेय की कापतेय?” आत्यानं विचारलं, आणि आता कुणी हसलं नाही.

हुलकार किटली घेऊन उभी होती. हाच क्षण तिनं महिनाभर कोठीच्या खोलीत बसून मनाशी रंगवला होता. रंगवलेल्या चित्रात ती म्हणायची, टोपी माझी आहे, आणि सगळ्या बायका तिच्याकडे वळायच्या, आणि सर्विनोझ खाली बघायची. आता सर्विनोझ खाली बघत नव्हती. ते मोठे झालेले डोळे तिच्याकडेच होते आणि ‘नको’ म्हणत होते. हुलकार बोलली असती तर सगळे म्हणणार होते की ही बहिणीवर जळते. आणि ते खोटंही नव्हतं. तेच तिला सगळ्यात जड जात होतं.

तिनं किटली खाली ठेवली.

“टोपी मी शिवलीय,” ती म्हणाली. “सगळीच. ओपाचा हात स्थिर राहत नाही. झोपेतसुद्धा तिची नाडी एकशे बत्तीस होती, मी दोनदा मोजली. ती आजारी आहे, ओयी. तिला ते आयोडीनचं दूध देऊ नका.”

ओयीचा आवाज हळू होता, पण अंगणापर्यंत आला. “जळकी मेली. बहिणीचं सुख बघवत नाही तुला.”

“नाही बघवत,” हुलकार म्हणाली. “पण मोजलंय ते खरं आहे.”

मग मी खाकरलो, उंबऱ्यापाशी जाऊन सगळ्यांना सलाम केला, आणि चार वाक्यांत सांगायचं ते सांगितलं. सांगताना आयोडीनची माझी चूकही सांगितली. ओयी ऐकत होती की नाही कळेना. आत्यानं मात्र हात पुढे करून सर्विनोझचं मनगट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही. शेवटी म्हणाली की आम्हाला सून आणायची आहे, टोपी नव्हे. आधी डॉक्टरकडे नेऊन आणा, पलोवचे हंडे थांबतील. मंडळी चहा अर्धाच ठेवून उठली. जाताना त्या टोपीकडे कुणी पाहिलं नाही. ती कुणी शिवली याबद्दलही कुणी अवाक्षर काढलं नाही. हुलकार दाराशी उभी राहून प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होती. वाट बघत होती, हे मला दिसलं.

सर्विनोझ रडली आणि त्या दिवशी हुलकारशी बोलली नाही. ओयीही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांची छोटी गाडी दाराशी आली. मी शाळेला निघालो होतो, तिथेच थांबलो. अर्धी गल्ली जमली होती. सलोमत खोलानं सर्विनोझच्या पाठीमागे उशी ठेवली. कुणी गरम नोन फडक्यात बांधून दिली, कुणी द्राक्षं दिली. बुवी तिच्या डोक्यावरून हात फिरवत पुटपुटत होती. हुलकार गणवेशात, दप्तर पाठीला लावून, भिंतीपाशी उभी होती. आजारी पडली तरी हीच पहिली, असं तेव्हा मनात आल्याचं तिनं पुढे मला स्वतः सांगितलं.

ओयी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. काचेतून तिनं हुलकारला सांगितलं की शाळेत जा, उशीर होईल. सर्विनोझ दुसऱ्या बाजूला तोंड करून बसली होती. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

हुलकारनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, मागचं दार उघडलं, द्राक्षांचं गाठोडं सरकवलं, दप्तरासकट बहिणीला खेटून आत बसली, आणि कुणी काही बोलायच्या आत दार ओढून घेतलं.